कॅमेरा गाडीतच ठेवा

टॅक्सीवाली ताई पर्यटकांना शहर दाखवता दाखवता वृद्धाश्रमातही न्यायची. एकदा एक पाहुणा आज्यांचे फोटोच काढत सुटला, तेव्हा संचालिकाबाईंनी तिला सुनावलं, “आमची माणसं बघायला ठेवलेली नाहीत. पुन्हा कुणाला आणू नका.”

ताईला ते फार लागलं, पण तिने नाद सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली आणि म्हणाली, “तुमचं काय अडलंय, ते तरी सांगा.”

“न्हाणीघराचे नळ गळतात. आज्या घसरून पडतात.”

तेव्हापासून ती गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला आधी कामधंदा विचारू लागली. बरेच दिवस सगळे ऑफिसातलेच भेटले. अखेर एक प्लंबर सापडला. “कॅमेरा गाडीतच ठेवा,” ताईने बजावलं आणि त्याच्या हातात पाना दिला.

दुपारपर्यंत न्हाणीघर कोरडं ठणठणीत झालं. संचालिकाबाई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “एखादा सुतार भेटला, तर बघा हं.”