परत मागितलेला आवाज

शालूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरच्या फूलबाजारात अबोलीचा गजरा घेत होते. शेजारच्या वहिनींनी हलक्या आवाजात सांगितलं, दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. गजरेवाली पुडी पुढे करून उभी होती आणि मला कळेना, आता ही कोणासाठी घ्यायची... अबोली तिलाच आवडायची, मी तिच्याकडेच निघाले होते. याला काही आठवडे झाले. अजून मावशीची लालबागची खोली आठवते ती स्वप्नात दिसावी तशी. भिंती नीट दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो. गॅलरीत वाळत घातलेल्या लुगड्यातून गाळून आल्यासारखा, पिवळसर. आणि त्या उजेडात कॉम्प्युटरपुढे शेजारी शेजारी बसलेली दोन म्हातारी माणसं.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. कुडाळजवळच्या गावातून लग्न होऊन लालबागला आली आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली. काका त्याच गिरणीत मागावर होते, पण त्यांना सगळं गिरणगाव ओळखायचं ते दशावतारामुळे. राजाचं काम करावं तर वामनकाकांनीच. दशावतारात लिहून ठेवलेलं नाटक नसतं. कथा तेवढी ठरते, आणि बोलणं नट उभ्या उभ्या रचतो. एकदा बोललेलं पुन्हा तसंच येत नाही. चाळीतल्या एकाने आखातातून टेपरेकॉर्डर आणला होता. त्यावर काकांच्या कॅसेटी भरल्या गेल्या. कधी प्रयोगातल्या, कधी खोलीतल्या तालमीच्या.

मग संप झाला. गिरणी बंद पडली ती पडलीच. मावशी ऑफिसातल्या माणसांना डबे करून देऊ लागली, काका रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला लागले. घरात कोणी कधी त्या दिवसांविषयी बोललं नाही. काकांनी तोंडाला रंगही पुन्हा लावला नाही. कॅसेटी माळ्यावरच्या ट्रंकेत गेल्या.

पुष्कळ वर्षांनी काकांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. उरला फक्त एक शब्द, ‘व्हय’. चहा हवा असला तरी व्हय, ऊन लागतं म्हणूनही व्हय. ज्याच्या आवाजाने मंडपातली लहान मुलं आईच्या कुशीत शिरायची, त्याच्याजवळ एवढंच. मावशीने तेव्हा ट्रंक उघडली. कॅसेटींना बुरशी धरू लागली होती. मी गिरगावातल्या एका दुकानातून त्या कॉम्प्युटरवर उतरवून आणल्या आणि माझा जुना कॉम्प्युटर मावशीच्या खोलीत बसवून दिला. स्पीकरमधून स्वतःचा आवाज आला तेव्हा काका खुर्चीत ताठ बसले. डोळे मिटले. त्यानंतर रोज दुपारी ती दोघं तिथे बसायची. काका डाव्या हाताने माउस धरायचे आणि स्वतःलाच ऐकत राहायचे.

डावा हात थरथरायचा. कधी फाइल भलतीकडेच सरकायची, कधी नाहीशी व्हायची. मी सुचवलं की पासवर्ड घालू, म्हणजे मावशीच लावून देईल. मावशी पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, “तेंचो आवाज, आणि तेंकाच हात लावूक देवचो नाय?”

तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून एक्स्टर्नल ड्राइव्ह आणली आणि बॅकअपसाठी सॉफ्टवेअर शोधायला बसले. मला वाटलं होतं, एक टाकून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. पण मावशीने त्याचा पिच्छाच पुरवला. लग्नाला स्थळ बघावं तशी ती एकेकाची चौकशी करी. पहिलं आरशासारखं होतं. कॉम्प्युटरवर जे असेल तेच हुबेहूब ड्राइव्हवर. इथलं पुसलं की पुढच्या खेपेला तिथलंही पुसलं जाई. ते तिने लगेच नाकारलं. दुसरं सगळं मिळून एक गाठोडं बांधी आणि ते गाठोडं फक्त त्यालाच सोडता येई. हे सॉफ्टवेअर उद्या मिळेनासं झालं तर काय करायचं, असं तिने विचारलं आणि तेही बाद झालं. तिसरं साधं होतं. फाइली होत्या तशाच ठेवी, आणि इथे पुसलेली फाइल तिथे वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवी. मावशीने मला गणपतीतल्या मोदकांचा एक फोटो पुसायला लावला आणि परत आणून दाखवायला सांगितलं. मोदक परत आले. ती समाधानाने हसली. तेच ठरलं.

काही दिवस सुरळीत गेले. मग एक फाइल सारखी नाहीशी होऊ लागली. दर रविवारी मी जाई, ती परत आणी, आणि पुढच्या रविवारी ती नसे. हात थरथरतो, दुसरं काय, असं मी म्हणाले. पण त्या आठवड्यात मावशीने शेजारी बसून पाहिलं. काका त्या फाइलवर नेमके जात होते. थांबत होते. थरथर थांबेपर्यंत वाट बघत होते आणि मग बटण दाबत होते.

ती फाइल नाटकाची नव्हती. संपातलं, गिरणीच्या फाटकावरचं काकांचं भाषण होतं. मावशीने मला गॅलरीत नेलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. गुंडू म्हणून काकांचा मित्र होता, शेजारच्याच मागावरचा. त्याची बायको आजारी होती. नाइलाजाने तो त्या सकाळी कामावर परत जायला निघाला होता. काकांचं बोलणं ऐकून फाटकातून मागे फिरला. औषधपाणी थांबलं, आणि बायको त्या पावसाळ्यात गेली. गुंडू गावी गेला तो परत आला नाही. काकांना कधी एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं मावशी म्हणाली.

मी तरीही वाद घातला. म्हटलं, त्या दिवसांतले असे आवाज आता कुठे उरलेत. त्यात काकांचा एकट्याचा दोष तो काय. ही फाइल माझ्याकडे ठेवते, त्यांना कळणारही नाही. मावशीने गॅलरीतलं वाळलेलं लुगडं ओढून घेतलं, घडी घातली. मग म्हणाली, “माका कळतला मां. आवाज तेंचो. ते परत मागतत, तर देवक व्हयो.”

आम्ही आत गेलो. ती काकांच्या शेजारी बसली. पडद्यावरच्या त्या फाइलवर बोट ठेवून तिने विचारलं, “ह्या ठेवूया?” काका गप्प. पंखा फिरत होता. खालून कोणाच्या तरी फोडणीचा वास येत होता. तिने पुन्हा विचारलं, “काढून टाकूया?”

“व्हय,” काका म्हणाले. एकाच शब्दाचा माणूस किती स्पष्ट बोलू शकतो, ते मला तेव्हा समजलं.

काढण्याआधी ती फाइल एकदा शेवटची लावली. गर्दीचा आवाज, दूर कुठेतरी ट्रक, आणि मग काका. तरुण, भरदार. ‘घरी जा, आज नाही तर उद्या हे फाटक आपल्यासाठीच उघडेल...’ त्या आवाजावर विश्वास न ठेवणं अशक्य होतं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मावशी पदराने ते पुसत होती, पुन्हा पुन्हा, जसं भांडं पुसावं. मी ड्राइव्हवरच्या त्या फाइलच्या सगळ्या जुन्या प्रती निवडून दिल्या. बटण काकांनीच दाबलं. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ते राजाच्या स्वगतावर डाव्या हाताने ताल धरून बसले होते.

काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मावशी एकटी त्या फाइली ऐकत राहिली, आणि आता ती ड्राइव्ह माझ्या घरी आहे. मावशीचं रेकॉर्डिंग कोणीच कधी केलं नाही. कोणाला सुचलंच नाही, तिलाही नाही. पण परवा एक तालीम ऐकत होते. काका राजा झालेत, शत्रूला आव्हान देतायत, आवाज चढत चाललाय, मागे स्टोव्ह फरफरतोय. आणि मध्येच, अगदी माइकजवळून, एका तरुण बाईचा आवाज येतो.

“ओ राजेनू, जरा सरकान बसा. माका पाट व्हयो.”

राजा थांबतो. सरकतो. फरशीवरून पाट ओढल्याचा आवाज येतो, बांगड्या वाजतात, कोणीतरी हसतं... आणि मग राजा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.