मुख्यमंत्रिणीचा माठ

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर शाळाशाळांतून विद्यार्थ्यांची मंत्रिमंडळं निघाली, तसं अंधेरीच्या आमच्या शाळेतही निघालं. बिस्किटांच्या डब्यात मतं पडली आणि नववीतली, दोन वेण्या घालणारी एक मुलगी मुख्यमंत्री झाली. मंत्रिमंडळावर देखरेख माझी. मी नवी होते, आणि नव्या बाईच्या गळ्यात काहीही मारता येतं.

शाळेत पाण्याचा एकच माठ होता. पलीकडच्या वस्तीतल्या मुलांनी त्याला हात लावायचा नाही. शिपाई त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा. घटनेनं अस्पृश्यता रद्द केली होती, पण ती बातमी आमच्या माठापर्यंत पोचली नव्हती. मुख्यमंत्रिणीनं आल्या आल्या फर्मान काढलं: ज्याला तहान, त्यानं आपल्या हातानं घ्यावं.

पालकांच्या तक्रारी आल्या. संस्थेचे अध्यक्ष स्वतः चौकशीला येणार, असं कळलं. मला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, हेही तेच ठरवणार होते. गिरणीतून आजारपणानं घरी बसलेले वडील आणि शिकणारी भावंडं माझ्या पगारावर होती. मी तिला बाजूला घेतलं.

"अगं, साहेब येऊन जाईपर्यंत जुनंच चालू दे ना."

"म्हणजे तोवर त्यांनी ओंजळीनंच प्यायचं, बाई?"

मला राग आला. एवढ्याशा पोरीला काय जातंय बोलायला!

अध्यक्ष भर उन्हात स्टेशनवरून चालत आले, घामाघूम. टेकता टेकताच म्हणाले, "आधी पाणी द्या." तीच ग्लास घेऊन आली. माझा जीव भांड्यात पडला. न कळता पितील, मग तक्रार कशाची करतील? पण ती ग्लास पुढे करेना.

"काका, माठाला आता सगळीच मुलं हात लावतात. देऊ ना?"

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. मला दरदरून घाम फुटला.

"आणि नको म्हटलं तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"समोरून सोडा आणते. पण माठ सगळ्यांचाच राहील."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं आणि गटागटा पाणी संपवलं. मिशा पुसत मला म्हणाले, "हे तुम्ही शिकवलंत का हिला?"

हो म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. पण त्या पोरीसमोर खोटं बोलायला जीभ रेटेना.

"नाही. मी तर तिला थांब म्हणत होते."

त्यांनी रिकामा ग्लास तिच्या हातात दिला. मग तिला म्हणाले, "बाईंनाही पाणी आण गं. घाबरल्यात बिचाऱ्या."

ती खुदकन हसली आणि माठाकडे पळाली. तिनं आणलेलं पाणी मी उभ्याउभ्याच प्यायले. माझ्या नोकरीचं अजून काहीच ठरलं नव्हतं, तरी मला सुटल्यासारखं झालं. पुढे जूनमध्ये कायम झाल्याचं कळलं, तेव्हासुद्धा एवढं हलकं वाटलं नाही.