दोन वर्षांसाठी म्हणून गेलेली सुलू

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. परदेशातला नंबर दिसला, आणि त्या दिवशी रविवार नव्हता. सुलूचा फोन रविवारीच यायचा, चर्चमधून घरी आल्यावर. पलीकडून एलिया बोलत होता, सुलूच्या टांझानियातल्या गावचा. "मावशी," एवढं तो मराठीत म्हणाला, हा शब्द सुलूनंच त्याला शिकवलेला. मग म्हणाला, "पोले." पोले हा तिथला शब्द. कुणाला ठेच लागली तरी म्हणतात, कुणाचं माणूस गेलं तरी म्हणतात. पुढचं तो इंग्रजीत सांगत होता… पहाटे झोपेतच गेली, दुपारी माती दिली, तिच्या नवऱ्याच्या, प्रभुदासभाऊंच्या शेजारी, सगळं गाव आलं होतं. मी नुसतं हो हो म्हणत राहिले. मेथी तशीच पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी लागली.

त्याला आता काही आठवडे झाले. मधे इथल्या एका पेपरात चार ओळींची बातमी आली होती. आपल्या छावणीतली नर्स सुलोचना आणि तिचे पती प्रभुदास यांनी टांझानियातल्या एका कोरड्या, मागास खेड्यात उभं आयुष्य सेवेत घालवलं, वगैरे. खाली 'सेवाव्रती दांपत्य' असा शब्द. वाचून मला रागच आला. सेवाव्रती म्हणे! ही बाई पत्त्यांत लबाडी करायची. माझी कर्णफुलं घालून तिनं लग्नाचा फोटो काढून घेतला आणि ती परत द्यायला अकरावी मॅट्रिकला नापास झाल्यासारखी तोंड पाडून आली होती. ती थोर असेल, नसेल, ते तिकडच्या लोकांनी ठरवावं. मला ती परत इथं हवी होती. जन्मभर मला तिच्याबाबतीत दुसरं काही नकोच होतं.

आमचं मूळ गाव वैजापूरकडचं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अॅक्शननंतरच्या दिवसांत अब्बांनी गाव सोडलं आणि आम्हाला घेऊन औरंगाबादला आले. मी तेव्हा अम्मीच्या कडेवर होते, म्हणजे हे सगळं ऐकीव. कुणी खोली द्यायला तयार होईना. सुलूचे वडील एका दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांनी छावणीतल्या आपल्या घराची पडवी बंद करून आम्हाला दिली. थोड्या दिवसांसाठी म्हणून राहिलो ते माझं लग्न होईपर्यंत. दोन्ही घरांच्या मधे एक भिंत, भिंतीत वर एक झरोका, त्यातून मीठ, काडेपेटी आणि भांडणं इकडून तिकडं जायची. अब्बा मला उर्दू शाळेत घालणार होते, पण मी सुलूच्याच शाळेत जाणार म्हणून अन्न सोडून बसले. शेवटी अब्बा हरले. माझा 'ळ' सुलूनं डोक्यात टपल्या मारमारून पक्का करून घेतला, आणि पुढं त्याच 'ळ'च्या जिवावर मी जन्मभर मराठी शिकवलं.

माझा धाकटा भाऊ लतीफ जन्मला तोच मुठीएवढा. जगला तर खुलताबादच्या दर्ग्यात गुळानं तोलीन, असा अम्मीचा नवस होता. लतीफ जगला. उरुसाला आम्ही एसटीनं निघालो तर सुलू हट्टानं बरोबर. तागडीच्या एका पारड्यात लतीफ भोकाड पसरून बसलेला, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. पारडी सारखी झाली की तो गूळ फोडून जमलेल्यांना वाटायचा. सुलूनं इतका गूळ खाल्ला की परतीच्या गाडीत ओकली. घरी वडिलांना सांगितलं, उसाचा रस बाधला. तसं ते अगदी खोटंही नव्हतं म्हणा.

ती नर्स झाली. प्रभुदास पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, बहात्तरच्या दुष्काळात वैजापूर तालुक्यात पाझर तलावांच्या कामावर. फार कमी बोलणारा माणूस. सुलूला बघायला आले तेव्हा चहा पिऊन आधी अंगणातली विहीर बघायला गेले. "ह्याला मी नाय, विहीर पसंत पडली," असं सुलू झरोक्यातून मला म्हणाली, आणि हसता हसता तिनं होकारही देऊन टाकला. लग्नानंतर एका रविवारी त्यांच्या चर्चमध्ये कुणी पाहुणे आले आणि आफ्रिकेतल्या एका दुष्काळी मुलखाबद्दल बोलले. तिथं नर्स हवी होती, पाणी अडवणारा माणूस हवा होता, पगार नाही, राहण्या-जेवणाची सोय तेवढी, मुदत दोन वर्षं. प्रभुदासभाऊ घरी येऊन एवढंच म्हणाले की ते सांगत होते ती माती मी ओळखतो. मी सुलूला विचारलं, इथला दुष्काळ काय कमी पडला व्हय तुला? दोनच वर्षं गं, म्हणाली. माझं पहिलं पोर तेव्हा मांडीवर पीत होतं, मला उठून दारापर्यंतही जाता आलं नाही.

पहिलं वर्ष तिचं फार वाईट गेलं, ते पत्रांतून कळायचं. कुठलं मूल खंगतंय ते समजायचं तर दर महिन्याला वजन घ्यायला पाहिजे. त्यासाठी आकड्याचा काटा मिळालेला होता. पोराला झोळीत घालायचं, फांदीला टांगायचं आणि वजन मोठ्यानं सांगायचं. एक आई येईल तर शपथ. बकरं टांगतात तसं लेकरू टांगायचं? आणि चारचौघांत वजन बोललं की नजर लागते, पोर वाळत जातं. सुलू त्यांच्यावर चिडली नाही. छावणीतल्या झाडून सगळ्या आज्यांनी तिला हेच ऐकवलेलं होतं. मग तिला खुलताबादचा गूळ आठवला. प्रभुदासभाऊंनी लाकूड तासून मोठी तागडी केली, पारड्यांच्या जागी टोपल्या बांधल्या. एका टोपलीत पोर, दुसरीत भुईमुगाच्या शेंगा. टोपल्या सारख्या झाल्या की शेंगा आत न्यायच्या, मुकाट्यानं त्या काट्यावर तोलायच्या, आणि बाहेर आणून जमलेल्या सगळ्या लेकरांना वाटून टाकायच्या. वजन कळलं, पण कुणाच्या तोंडातून निघालं नाही! पहिल्यांदा तोलला तो एलिया. इतका मरतुकडा की शेंगांची टोपली अर्धीही भरली नाही तोच त्याची टोपली वर गेली. पुढच्या खेपेला बायकांची रांग लागली. मुख्य कचेरीतून पाहणीला आलेल्या एका साहेबानं कपाळाला आठ्या घालून विचारलं म्हणे, हा कुठला विधी? आमच्या औरंगाबादचा आहे, असं हिनं बेधडक सांगितलं. मी ते पत्र अम्मीला वाचून दाखवलं. त्या दिवशी अम्मीनं सुलूच्या आईकडं खिरीचं पातेलं पाठवलं.

दोन वर्षांची चार झाली, चाराची दहा. भाऊंनी तिथं पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या वाळूच्या नद्यांवर बंधारे घातले, ते भरायला दोन-तीन पावसाळे लागणार, ते भरले की पुढचे. दर तीन-चार वर्षांनी दोघं सुट्टीवर यायची. आलं की सुलू सांगायची, अगं तुझी निम्मी भाषा तिथं आधीच पोचलीय, दवाला दवाच म्हणतात, दुनियेला दुनिया. मी म्हणायचे, मग मलाच ने, नाहीतर तू ये. प्रत्येक खेपेला मला वाटायचं, आता राहतील. भाऊंचे केस पिकले, वाटलं आता राहतील. मूलबाळ झालं नाही, वाटलं म्हातारपणी माणसांत येतील. नाहीच. मला तिचा राग यायचा, खरं तेच सांगते. तिकडच्या बायकांना बाळंतपणात ती हवी होती, कबूल. पण माझं दुसरं बाळंतपण अवघड गेलं तेव्हा मलाही हवी होती. माझे मियाँ गेले तेव्हा तर घर माणसांनी भरलेलं असताना मी दाराकडं बघत बसले होते. चांगल्या कामाशी भांडता येत नाही हो. त्यापेक्षा सवत परवडली.

मग भाऊ गेले. बंधाऱ्यावर काम बघता बघता सावलीला बसले आणि तसेच कलंडले. तिथल्याच एका गोरखचिंचेखाली त्यांना माती दिली. सुलूचा भाचा संदेश वाळूजच्या एका कंपनीत आहे, तो जाऊन तिला घेऊन आला. त्याचं घर बजाजनगरला, तिसऱ्या मजल्यावर, आणि हिचे गुडघे दुखरे. मी रिक्षा करून गेले आणि तिला माझ्या घरी घेऊन आले. संदेश म्हणाला, "खाला, लोक म्हणतील भाच्यानं सांभाळलं नाही." मी म्हटलं, लोकांना माझ्याकडं पाठव.

काय सांगू… ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस. दोन म्हाताऱ्या, एक टीव्ही आणि पत्त्यांचा जुना जोड. ती चहात साखर जास्त घालायची, मी कमी घालायचे, त्यावरून रोज कटकट. रविवारी मी तिला चर्चच्या दारापर्यंत सोडून यायचे, ईदला ती शेवया भाजायला चुलीपाशी ठाण मांडून बसायची. पण हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं. गल्लीत कुठलंही पोर दिसलं की ती त्याला उचलून बघायची आणि हातानंच वजन जोखायची. भाजीवाल्याशी बोलता बोलता तिकडचा शब्द तोंडात यायचा आणि ती मधेच गप्प व्हायची. रविवारी एलियाचा फोन आला की पहिला प्रश्न, पाऊस झाला का? बंधारा भरला का? फोन ठेवला की बराच वेळ ती घरात असून नसायची. मी एवढी वर्षं तिची वाट पाहिली, आणि ती आली ती दुसरीकडची वाट बघत बसायला. माझा जीव तुटायचा, आणि हेवाही वाटायचा. कबरीचा कुणी हेवा करतं का? मी केला.

शेवटी तिनं संदेशला सांगून टाकलं की मला परत जायचंय. त्याला घामच फुटला. वय झालेलं, बीपी, जवळ धड दवाखाना नाही, मोठा प्रवास. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, खाला, ती फक्त तुमचं ऐकते, तुम्ही अडवा. मला तर तेच हवं होतं. दुपारी ती आतल्या खोलीत उशांना अभ्रे घालत बसली होती, तिथं जाऊन मी तिला जे मनात होतं ते बोलले.

"तिथं एक कबर आहे, सुले. इथं मी जिती बसलेय."

तिनं हातातली उशी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही.

"म्हणून तर तुला विचारल्याबिगर जाववत नाय," ती म्हणाली. "तू राहा म्हणालीस तर मी राहीन, नसीम. पुन्हा विषय काढणार नाय. पण मला जायचंय, हे तुला रोज माझ्या तोंडावर दिसत राहील. ते तुला सोसेल का, तेवढं बघ."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळत होते, आणि एकाच घरात राहून किती दिवस टाळणार? तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा केला, साखर कमी घातलेला, माझ्यासारखा. तो पिताना मला कळलं की ही राहील. माझ्यासाठी खरंच राहील, पत्ते खेळेल, शेवया भाजेल, आणि एक दिवस इथंच, मनानं तिकडं असताना, मरून जाईल. मी संदेशला फोन लावला आणि म्हटलं, तिचं तिकीट काढ. तो म्हणाला, "खाला, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, हो, मीसुद्धा.

चिकलठाण्याच्या विमानतळावर तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. मुंबईपर्यंत संदेश बरोबर जाणार होता, पुढं उतरवून घ्यायला एलिया येणार होता. मी रडायचं नाही असं ठरवून गेले होते. ती म्हणाली, "बीपीची गोळी वेळेवर घे. नायतर येऊन शेंगांनी तोलीन तुला." मी म्हटलं, तेवढ्या शेंगा पिकतात का तुझ्या गावात? ती खदखदून हसली, तिची दातांची वरची कवळी हलली, ती तिनं जिभेनं सावरली आणि संदेशनं खुर्ची आत ढकलली. तेवढंच शेवटचं दर्शन. पुढं रविवारी फोनवर तिचा आवाज ऐकायचे तो एकदम तरणा, भरल्या घरातून बोलल्यासारखा. बंधारा भरल्याचं तिनं सांगितलं तेव्हा तर ती ओरडूनच बोलत होती.

चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. लोक संदेशला भेटत होते, ते बरोबरच आहे, तो तिच्या रक्ताचा. मैत्रिणीला भेटायला कुणी येत नाही, तशी रीत नाही. आणि जाऊन घटकाभर बसावं तर तिची कबरही इथं नाही. मी तिला जाऊ दिलं याचा मला पस्तावा नाही. पण ती इथं असायला हवी होती, असं अजून रोज वाटतं, आणि ते वाटणं काही थांबत नाही.

परवा संदेश आला होता. त्यानं मोबाइलवर नकाशा उघडून ते गाव दाखवलं. मी त्याला म्हटलं, माझ्या या खोलीतून ते कुठल्या बाजूला येतं ते सांग. त्यानं मोबाइल फिरवून फिरवून बघितलं. मी नमाजाला पश्चिमेकडं तोंड करून बसते, तिथून डाव्या हाताला, समुद्राच्या पलीकडं. नमाज संपताना आधी उजव्या खांद्याकडं तोंड वळवून सलाम म्हणतात, मग डाव्या खांद्याकडं. तुमच्यावर शांती असो, एवढाच त्याचा अर्थ. लहानपणापासून म्हणत आलेय, आणि डावीकडं मला माझ्या खोलीची भिंत सोडून कधी काही दिसलं नव्हतं. आता तिकडं तोंड वळवलं की थांबते. असं चालतं की नाही ते विचारायला मी कुणाकडं जाणार नाही. उजवीकडचा सलाम पटकन होतो. डावीकडचा मी सावकाश म्हणते, त्याला लांब जायचं असतं.