नैवेद्याच्या आधीचं इंजेक्शन

मला साखर निघाली तेव्हा मी देवावर रागावलेच होते. आमचं पेणच्या बायकांचं भजन मंडळ आहे. पेटी आणि गाणं माझ्याकडे, म्हणून बाई असूनही मला सगळे ‘बुवा’ म्हणतात. ज्याची भजनं गायची त्याचाच प्रसाद आपल्याला बाधावा, हा कुठला न्याय? शिरा खाल्ला तर साखर चढते, नाही खाल्ला तर यजमानीण रुसते. पुढे गोळ्यांवरून इन्सुलिनवर आले, तेव्हा घरचे म्हणाले, आता पुरे, घरी बसून गा. घरी बसून मी भाजी चिरते, गात नाही. तरी मनात धास्ती होतीच. नवरात्रातला कोलाडच्या वाटेवरच्या, खांब गावाच्या पुढच्या एका गावचा कार्यक्रम करायचा आणि पेटी कायमची बंद करायची, असं मी ठरवून टाकलं. मंडळात हे दुखणं फक्त टाळ वाजवणाऱ्या सुमनला ठाऊक होतं. साखर एकदम उतरलीच तर तोंडात टाकायची माझी खडीसाखरेची पुडी तीच सांभाळायची.

आम्ही दुपारी टेम्पोनं देवळात पोचलो. यजमानीणबाई म्हणाल्या, “जेवान तयार हाय, बुवा. पानं मांडायचीच बाकी.” तेवढ्यावर विसंबून मी आडोशाला जाऊन इंजेक्शन घेऊन आले. इतकी वर्षं देवळांतून गाऊन मला कळायला हवं होतं, की जेवण तयार असणं आणि पानात पडणं यांच्यामध्ये मानकरी असतो. त्या गावात मानकऱ्यांच्या हातून नैवेद्य झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आणि मानकरी पनवेलहून येताना हायवेवर अडकले होते. आपल्या हायवेबद्दल मी इथे काही लिहीत नाही, देवाधर्माचा विषय चालू आहे. “ते येईस्तवर दोन भजनं होऊन जाऊ द्या,” गुरव म्हणाले. बुवानं का भूक लागली म्हणून सांगायचं? मी मुकाट्यानं पेटी ओढली.

पहिल्या भजनात घाम फुटला, दुसऱ्यात बोटं थरथरू लागली. मी खुणेनं पुडी मागितली, तर सुमनचे डोळेच विस्फारले. तिची पिशवी टेम्पोत राहिली होती आणि टेम्पो डिझेल भरायला कोलाडला गेला होता. मग म्हणे मी एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणत राहिले. मला आठवतं ते इतकंच, की समोरचे चेहरे पाण्यात पाहावेत तसे हलत होते आणि अंबाडा सुटून केस मोकळे झाले होते. तेवढं पुरलं. “अगो, बुवाच्या अंगात आली!” कुणीतरी ओरडलं. ढोलकी घुमू लागली, कपाळभर मळवट भरला गेला, पाया पडायला रांग लागली. एकीनं विचारलं, “आये, माझ्या पोराचं लगीन कवा व्हईल गो?” मी कशीबशी म्हणाले, “जेवण... जेवण कधी?” “लग्नाच्या जेवनाचं विचारते! म्हंजे यंदाच!” ती बाई आनंदानं रडायला लागली. सुमन “तिला साखर द्या” म्हणून ओरडत होती, पण ढोलकीपुढे तिचं काय चालणार!

शेवटी माझ्या तोंडून स्वच्छ निघालं, “मला खायला द्या.” ढोलकी थांबली. गुरव पेचात पडले. देवीनं मागितलं खरं, पण मानाआधी नैवेद्याचं ताट हलवायचं कसं? तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी गुडघ्यांवर हात देत उठल्या. “तिच्याच देवळात ती भुकेली, आन तुमी मानकऱ्याची वाट बघताव? सरा!” त्यांनी ताटातलं गूळ-खोबरं मुठीनं माझ्या तोंडात घातलं, वर गुळाचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं समोरचे चेहरे जागच्या जागी स्थिर झाले.

त्या आजी म्हणजे मानकऱ्यांच्याच आई. त्यांच्याखेरीज त्या ताटाला हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती. गुडघ्यांपायी देवळाच्या पायऱ्या चढणं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्या दिवशी का आलात, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, “यावंसं वाटलं.” मी हात जोडले.

रांग मात्र अजून उभीच होती. एकजण तर बांधावरचं भांडण घेऊन आला होता. मी माइक घेतला आणि सांगून टाकलं, “बायांनो, ही देवी नाही, डायबेटीस आहे. इंजेक्शन घेतलं आणि उपाशी राहिले, म्हणून असं झालं.” आता हाकलतात, असंच मला वाटलं. तर आजी म्हणाल्या, “मंग? देवीलाबी साकर झाली आसंल. पिढ्यान्‌पिढ्या गोडच खायला घालतो आपन तिला.” सगळं देऊळ हसलं. मला आधी पान वाढलं. मी पोटभर जेवले आणि मग निर्धास्त मनानं गायले. कित्येक दिवसांत तशी गायले नव्हते.

साखर काही गेली नाही, जाणारही नाही. पण पेटी बंद करायचं मी पुन्हा मनात आणलं नाही. देवापुढे डोकं टेकणं मला कधीच जड गेलं नव्हतं. चार माणसांत ‘मला भूक लागली आहे’ म्हणणं मात्र जमत नव्हतं. शरण जाणं यालाच म्हणत असावेत. देवीनं ते माझ्याकडून भर देवळात, माइकवरून करून घेतलं, हे तिचे उपकार. यंदा त्याच गुरवांचा फोन आला. “बुवा, गावानं ठरवलंय. आदी देवी, मग तुमी, मग मानकरी. पन ताट समोर आल्याबिगर सुई टोचायची नाय हां!” 

मी म्हणाले, “व्हय.”