लाल रेघेखालचं ध्येय

पैठणहून संभाजीनगरला शिकायला आले, तेव्हा क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला कागदावर ध्येय लिहायला लावलं. मी लिहिलं, ‘रोज फिजिक्सची दहा गणितं, उत्तर न बघता.’ सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि वर्ग खो खो हसला. “हे काय ध्येय झालं व्हय गं?” म्हणत त्यांनी ते लाल पेनानं खोडलं, वर ‘डॉक्टर’ लिहिलं आणि कागद राहत्या खोलीत भिंतीला चिकटवायला सांगितला.

वर्षभर मी त्या शब्दाकडं बघत बसले. गणितं तशीच राहिली. निकालात मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा सर म्हणाले, “तुझं ध्येयच पक्कं नव्हतं.” कुणाचं ध्येय, सर? हेच मनात घोळवत खोलीवर आले. संतापून खोलीतला कागद फाडायला गेले, तर लाल रेघेखालचं माझं वाक्य अजून स्वच्छ वाचता येत होतं. वर्षभर नाकासमोर होतं, आणि मीही सरांचाच शब्द वाचत राहिले.