केटझालची भावकी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे सर सांगतील ते मी मनापासून करायची. बी.एस्सी.च्या सेमिनारला सरांनी मला केटझाल दिला. मध्य अमेरिकेतल्या डोंगरांवर ढग झाडांतच मुक्कामाला असतात, तिथला हा पक्षी. पाठ हिरवीगार, पोट लालभडक, नराची शेपटी अंगापेक्षा लांब. परभणीकडच्या आमच्या बोरी गावातल्या पोरीला याहून उपयोगी विषय कोणता असणार!

त्याच्या वर्गीकरणाचा वाद आहे. उत्तरेकडच्या नराची शेपटी जास्त लांब, दक्षिणेकडच्याची जरा आखूड. म्हणून काही विद्वान त्यांना दोन जाती मानतात, बाकीचे एकच. शिकलेली माणसं एवढ्यावरून भांडतात, याचं मला नवल वाटायचं. मग मला बघायला पाहुणे आले.

"एम.एस्सी. करू देणार असतील तरच पुढं बोलू," असं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आधीच सांगितलं होतं. माझा सगळा जीव त्या 'तरच'मध्ये.

पाहुणे देवगाव फाट्यापलीकडचे. मुलाच्या मामांनी सतरंजीवर बसल्या बसल्या आमचं वर्गीकरण काढलं. कूळ कोणतं, आजोळ कुठलं, आत्या कोणत्या गावी दिली. दोनदा चहा झाला, तरी आम्ही 'आपल्यातलेच' की 'तसे जवळचे' याचा निकाल लागेना. मुलगा मोबाइल बघत होता. त्याच्या वर्गीकरणाची कुणालाच गरज वाटली नाही.

शेवटी मामा माझ्याकडे वळले. "काय शिकलीस, बाई?"

मी केटझाल सांगितला, शेपटीसकट. त्याची भावकी आपल्या सह्याद्रीतही आहे, हेसुद्धा सांगितलं.

"ते पाखरू आपल्याकडं हाय का?"

"न्हाई."

"मग त्याची शेपटी लांब असली काय अन् आखूड असली काय! लग्नानंतर कशाला पायजे असलं शिक्षण? रिकामा उद्योग."

अण्णांनी कप खाली ठेवला. "मामा, तुमी सकाळपासून आमची शेपटी मोजायलात. ही पाखराची मोजायली. उद्योग एकच हाय. तिला निदान मार्क तरी पडतेत."

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. आमचं वर्गीकरण बहुधा अजून चालू असावं.

त्याच उन्हाळ्यात आम्ही प्रवेशासाठी परभणीला निघालो. एसटीत अण्णांनी विचारलं, "ठरलं का गं त्या पाखरांचं? एक का दोन?"

"न्हाई अजून."

"मंग शीक तवर," ते म्हणाले, आणि खिडकीकडची जागा मला दिली.