दिगूची चाळीस पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला तरी नीट सांगेन, की मध्येच विषय बदलेन? माझं मलाच ठाऊक नाही.

परळीत आमचा तिघांचा रॉक बँड होता. हसा, तेव्हाही लोक हसायचे. वीस-वीस मिनिटांची गाणी, मध्येच ताल बदलायचा — प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणे! गाणी माझी, गिटारही माझी. बेसवर कॉलेजातला एक जण, आणि ड्रमवर दिगू, माझा शाळेपासूनचा दोस्त. सीडीबरोबर एक कॉमिकही काढायचं, ही त्याची कल्पना. थर्मल वीजकेंद्राच्या राखेत बुडालेलं गाव आणि त्यातून वाजवत निघालेले आम्ही तिघं. चाळीस पानं त्यानं हातानं काढली. दुसरी प्रत नव्हती.

छापण्याआधी मित्रांना जमवून आम्ही सीडी ऐकवली. दिगूची पानं हातोहात फिरत होती. माझं गाणं संपलं — आणि ते संपलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सगळे चित्रांत गुंग. मला काय वाटलं म्हणून सांगू? नुसता जळफळाट झाला. दोस्ताचं कौतुक बघवत नाही इतका हलका माणूस मी, हे मला त्या दिवशी कळलं.

पानं छापायला औरंगाबादला मीच घेऊन निघालो. परत आल्यावर सांगितलं, रेल्वेत बॅग चोरीला गेली. गेली नव्हती. पानं माझ्या कपाटात होती, कुलूप लावून.

दिगू दोन दिवस स्टेशनवर शोधत होता. हमालांना विचारायचा, रुळांत वाकून बघायचा. आणि मी? मीही त्याच्याबरोबर शोधत होतो! — शेवटी मला रडू फुटलं, तर तोच पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू कावून रडायलास बे? चोरानं नेली, त्यात तुजी काय चूक हाय?"

कॉमिक निघालं नाही. बँडही मोडला. दिगूनं पुन्हा पेन्सिल धरली नाही. आता सिरसाळ्यात त्याचं खताचं दुकान आहे.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. बाबा चित्रं काढायचे, हे त्याच्या मुलीला खरंच वाटेना. दिगू म्हणाला, "काकाला इचार. त्यानं बघितली हायत."

मी सांगत गेलो — कुठल्या पानावर कोण, कुणाच्या हातात काय, राख कुठवर चढलेली. दिगू डोळे पुसत ऐकत होता.

"काका, एवढ्या वर्षांनी इतकं कसं लक्षात राहिलं?"

राहिलं, म्हणालो.

आदल्या दिवशीच मी ती चाळीसही पानं काढून बघितली होती. बघितली, आणि पुन्हा कुलूप लावलं.